विधवांच्या घरात बोरन्हाण

जर्मनीला जाऊन मी भांडून आले, असं आमच्या धाकट्या जाऊबाई साताऱ्यात सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत. खरं आहे, भांडले. पण कशावरून आणि कोणाच्या घरात बसून, हे त्यांना माहीत नाही, म्हणून लिहायला घेतलं. किल्ला, चर्च, बाजार सगळं पाहिलं. त्याचे फोटो माझ्या मुलानं टाकलेत, ते बघावेत. मी लिहिणार आहे ते नदीकाठच्या एका घराबद्दल. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या मराठी बायका हे वाचतीलच, आणि कोणाकोणाला झोंबायचं ते झोंबेलच.

न्युरेम्बर्ग, रविवार

मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं ट्रेसर होते. कालव्यांचे, धरणांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचे, हे काम. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा निखिल इथे एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनियर, सून ऋजुता सॉफ्टवेअरमध्ये, आणि नात ईरा दीड वर्षाची. तिची पहिली संक्रांत माझ्या व्हिसाच्या भानगडीत गेली. म्हणून या वर्षी ठरवूनच आले होते: ईराचं बोरन्हाण करायचं आणि तिला पहिल्यांदा मी ओवाळायचं. एवढ्याचसाठी सारा प्रवास.

हातातल्या बॅगेत बुटांचा खोका होता आणि त्यात हलव्याचे दागिने. मुकुट, हार, बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा. हलवा मी घरी केला, चार दिवस परातीसमोर बसून. मंद आचेवर थेंब थेंब पाक घालत बोटांनी हलवत राहायचं, तेव्हा कुठे तिळाला काटा फुटतो. बोटं सोलवटून निघतात. विमानतळावरच्या जर्मन अधिकाऱ्यानं खोका उघडून एक दाणा उजेडात धरला. मी दुसरा उचलून खाऊन दाखवला, तेव्हा सोडलं.

रविवारी सकाळी तिळाच्या वड्यांसाठी खलबत्त्यात दाणे कुटायला बसले. मिक्सरमध्ये दाण्यांना तेल सुटतं, मला ते चालत नाही. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे आजोबा दारात. रविवारी इथे आवाज करायचा नाही. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकायला जायचं नाही. ऋजुता दारात उभी राहून माफी मागत होती. मी म्हटलं, "विचार त्यांना, नोकरी करणाऱ्या बाईनं रविवारी नाही तर दाणे कुटायचे कधी?" तिनं आणखी एकदा माफी मागितली. मग मी मांडीवर उशी घेतली, उशीवर खलबत्ता ठेवला आणि उरलेले दाणे कुटले. संध्याकाळी आजोबांना दोन वड्या नेऊन दिल्या. त्यांनी दारातच खाल्ल्या आणि एक बोट वर करून आणखी एक मागितली.

बुधवार, चहाच्या वेळी

बुधवारी वृंदा आली. इथल्या मराठी मंडळाचं सगळं तीच बघते. चाळिशीची, हुशार, कामाला वाघ. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल बरं लिहिणार नाही.

शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि त्यातच चार मुलांचं बोरन्हाण. वृंदानं फोनवरची यादी वाचली. "औक्षणाला पाच सवाष्णी. मी, ऋजुता..."

मी म्हटलं, "ईराला आधी मी ओवाळणार."

वृंदा बिनसाखरेचा चहा ढवळत राहिली. "काकू, तुम्ही समोर मस्त खुर्चीत बसा ना. व्हिडिओ तुम्हीच काढा. आपल्यात कसं असतं, तुम्हाला माहितीये. उगाच कोणाला वाईट वाटायला नको."

"कोणाला वाटेल?"

"असं एकीचं नाव कसं घेऊ, काकू?"

ऋजुता बशीकडे बघत होती. निखिल म्हणाला, "आई, दोन तासांचा तर प्रश्न आहे. परत आल्यावर घरी ओवाळ की. घरी कोण बघतंय?"

वृंदाचं बोलणं मला लागलं नाही, माझ्या मुलाचं लागलं. घरी कोण बघतंय म्हणजे काय? आजीनं नातीला ओवाळायचं ते दारं लावून?

आता सांगायचंच तर सगळं सांगते. निखिलच्या बारशाला माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. तिशीतच विधवा झालेल्या. निखिलचं झबलं त्यांनीच शिवलेलं. पाळण्याशी यायला मी बायकांना नावं घेऊन हाका मारल्या आणि अक्कांचं नाव घेतलं नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पाळणा म्हणत होत्या. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं, मी आपणहून केलं. अक्का आता नाहीत आणि माफी मागायची राहून गेली. याची मला लाज वाटते. वृंदा समोर बसून बोलत होती तेव्हा मला तिच्या जागी मीच दिसत होते, आणि म्हणूनच जास्त संताप आला.

"मी येणार," मी म्हटलं. "आणि ओवाळणार. जिथे सगळे बघतायत तिथेच."

वृंदा उठली. "बघू या, काकू," म्हणाली. आपल्याकडे नाही म्हणायची ही सभ्य रीत आहे.

शनिवार, नदीकाठी

न्युरेम्बर्गहून रेल्वेनं तासाभराचा रस्ता. बाहेर बर्फ, आत गूळपोळ्यांचे डबे. सगळ्या बायका संक्रांतीच्या काळ्या साड्यांत आणि वर जाडजूड कोट. मीही ह्यांनी घेतलेली काळी इरकल नेसले होते. मुलं आपसात जर्मन बोलत होती. आया मराठीत ओरडायच्या आणि उत्तरं जर्मनमध्ये यायची. नदी स्टेशनपासून जवळ. आमच्या कृष्णेला कसे घाट, घाटावर माणसं. ही बाई बर्फातून मुकाट्यानं चाललेली, काठावर चिटपाखरू नाही.

हॉल वृंदानं इंटरनेटवर शोधला होता. घर दगडी, तीन मजली आणि शेजारी शेजारी दोन दारं. दोन्ही दारांवर दगडात कोरलेले, एकमेकांत गुंतवलेले दोन हात आणि मागे आडवं वल्हं. खाली अक्षरं. ऋजुता वाचायला लागली आणि थांबली.

"काय लिहिलंय गं?"

"अहो आई," ती हळूच म्हणाली, "नावाडी बंधुसभेचं विधवा आणि अनाथांसाठीचं घर."

मी रस्त्यात उभी राहून हसले. हॉल किती मोठा, ओव्हन आहे का, खुर्च्या किती, हे सगळं वृंदानं विचारलं होतं. घर कसलं आहे ते विचारायचं राहिलं. आपली माणसं अशीच. स्वयंपाकघरासकट हॉल मिळाला म्हटल्यावर पुढचं कोण वाचतंय? वृंदा म्हणाली, "जुनं नाव असेल काकू. आता नुसतं कम्युनिटी सेंटर असणार."

दार उघडलं. आतून घराचं सगळं बघणाऱ्या फ्राऊ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई, आल्या. ऐंशीच्या पुढच्या, लालभडक स्वेटर, ओठांना लिपस्टिक. आम्ही आत जाऊन कोट काढले आणि त्यांचा चेहराच उतरला. वीसेक बायका, सगळ्या नखशिखान्त काळ्यात. त्या सरळ वृंदापाशी गेल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. वृंदाचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं?" मी ऋजुताला विचारलं.

"दुखवट्याचं बोलतायत. म्हणतायत, एवढ्या तरुण वयात, आणि सगळ्याच?"

त्यांच्यात काळं घालतात ते माणूस गेल्यावर. विधवांच्या घरातला हॉल मागितला आणि दारात काळे कपडे घातलेल्या वीस बायका आल्या, तर त्या बिचारीनं दुसरं काय समजायचं? वृंदानं घाईघाईनं मंगळसूत्र पुढे करून दाखवलं. फ्राऊ लिंडनरनी चष्मा लावून ते निरखलं आणि फार सुंदर आहे म्हणाल्या. शेवटी ऋजुतानं सगळं समजावलं, तेव्हा त्या भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वृंदाला मात्र हसू आलं नाही.

जिन्याजवळ भिंतीवर घराचा मूळ नकाशा टांगलेला होता. मी तिथेच रेंगाळले. शाईची रेघ कुठेही थरथरलेली नाही. काढणाऱ्याचा हात मला आवडला. डाव्या दाराकडे अनाथ मुलांच्या खोल्या, उजव्या दाराकडे विधवांच्या, मध्ये हॉल. गंमत म्हणजे सबंध नकाशात खाट नाही, कपाट नाही, फक्त हॉलमध्ये शेगडीच्या बाजूला एक टेबल काढलेलं. नकाशात कोणी टेबल काढत नाही. मी त्यावर बोट ठेवलं आणि ऋजुताला म्हटलं, "हे का, विचार."

फ्राऊ लिंडनर खूश झाल्या. त्यांनी सांगितलं आणि ऋजुता मराठीत सांगत गेली. या नदीवर लाकडं वाहून नेणारे नावाडी होते. नदी माणसं न्यायची. मग नावाड्यांनी बंधुसभा काढली, एकमेकांच्या बायकामुलांना वाऱ्यावर सोडायचं नाही अशी शपथ घेतली आणि हे घर बांधलं. पण दरवर्षी सभेचं मोठं जेवण व्हायचं तेव्हा जेवायचे बंधू. विधवा रांधायच्या, वाढायच्या आणि उरलंसुरलं स्वयंपाकघरात बसून खायच्या. एका हिवाळ्यात त्या सगळ्याजणींनी स्वयंपाक केला, हॉलला आतून कडी घातली आणि शेगडीजवळच्या टेबलावर बसून जेवल्या. बंधू बाहेर बर्फात दार ठोठावत उभे. लेखी घेतल्याशिवाय बायकांनी कडी काढली नाही. काय लिहून घेतलं? या हॉलमध्ये कोणाचाही समारंभ असो, शेगडीजवळचं पहिलं टेबल विधवांचं. त्या बसल्याशिवाय आणि त्यांनी सुरुवात केल्याशिवाय समारंभ सुरू व्हायचा नाही. ते टेबलही तेव्हाच नकाशात काढून घेतलं.

"आणि हे अजून आहे?" मी विचारलं.

"गेनाऊ," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. हा शब्द मला ठाऊक झाला होता, अगदी बरोबर. मग त्या वृंदाकडे वळल्या. "मीटफरट्रागमध्ये शेवटचं कलम आहे. तुम्ही सही केलीय."

मीटफरट्राग म्हणजे भाड्याचा करार. वृंदानं फोन काढला आणि करार वर सरकवत सरकवत तळाशी गेली. कलम होतं.

स्वतःबद्दल फ्राऊ लिंडनरनी एवढंच सांगितलं. वडील नदीत गेले तेव्हा त्या डाव्या दारानं या घरात आल्या. मोठ्या झाल्या, लग्न झालं, बाहेर संसार केला. नवरा गेल्यावर उजव्या दारानं परत आल्या. आता अनाथ मुलं नाहीत, त्या बाजूला बालवाडी भरते. विधवा त्यांच्यासकट सात आहेत.

पहिलं टेबल

तीन वाजता बाकीच्या सहाजणी जिन्यावरून उतरल्या. एकीच्या हाताशी चाकांचा वॉकर. निळे, पिवळे, फुलाफुलांचे कपडे, गळ्यात मोत्यांच्या माळा. आमच्या सवाष्णी काळ्यात आणि त्यांच्या विधवा रंगीत. मी हे बघतच राहिले.

वृंदानं एक प्रयत्न केला. "आपण त्यांना मागे निवांत बसवू या, कॉफी देऊ, केक देऊ."

"नाईन," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. नाईन म्हणजे नाही. आवाज अजिबात चढवला नाही. स्वतः केलेला सफरचंदाचा केक त्यांनी पहिल्या टेबलावर ठेवला आणि बसल्या.

मी त्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर करून मला काहीतरी विचारलं. ऋजुता अडखळली. "त्या विचारतायत, तुम्ही... म्हणजे, बाबा..."

"हो म्हण," मी म्हटलं. "मोठ्यानं म्हण."

तिनं मोठ्यानं सांगितलं. फ्राऊ लिंडनरनी शेजारची खुर्ची ओढली.

हे गेल्यापासून मला लोकांनी खूप खुर्च्या दिल्या. कोपऱ्यातल्या, पंख्याखालच्या, तुम्ही आराम करा म्हणून लांब नेऊन ठेवलेल्या. पहिल्या टेबलाची ही पहिलीच. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

चौरंगावर ईरा बसली. काळा झगा, डोक्यावर मुकुट, आणि हातातली बांगडी तिनं केव्हाच चोखायला सुरुवात केली होती. वृंदा ताम्हण घेऊन पुढे आली, तिच्या मागे चौघी. फ्राऊ लिंडनरनी हात वर केला आणि हे काय करताहेत म्हणून विचारलं. ऋजुता म्हणाली, बाळाला उदंड आयुष्य मिळावं म्हणून दिव्यानं ओवाळतात.

"मग सुरुवात या टेबलाची," त्या म्हणाल्या.

वृंदा माझ्याजवळ आली. "काकू, तुम्ही तरी समजावा त्यांना. हे शास्त्रात बसत नाही."

"कुठल्या शास्त्रात? पान दाखव. मी मूळ कागद बघितल्याशिवाय रेघ ओढत नाही."

"असं लिहिलेलं नसतं, काकू. पद्धत असते."

"मग इथेही पद्धत आहे. आणि ती लिहिलेली आहे. खाली तुझी सही आहे."

निखिल खांबाजवळ फोन घेऊन उभा होता, त्याच्याकडे मी बघितलं नाही. ऋजुताकडे बघितलं. खरं सांगते, तिनं मान हलवून नको म्हटलं असतं तर मी ताम्हणाला हात लावला नसता. नात माझी असली तरी लेक तिची. त्या बायकांमध्ये तिला राहायचं आहे, मला नाही. मी तर तीन आठवड्यांनी साताऱ्याला जाणार. तिनं ईराकडे बघितलं. मग वृंदासमोर जाऊन तिनं हात पुढे केले.

"वृंदाताई, माझ्या मुलीचं आहे ना? मग द्या इकडे."

ताम्हण घेऊन ती पहिल्या टेबलाकडे आली. "आई, आधी तुम्ही. मग या सगळ्या आजी. मग आम्ही."

मी ईराला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. ईरा ज्योतीकडे बघून हसली आणि बांगडीचा उरलेला तुकडा मला द्यायला लागली. मग सातजणींनी ओवाळलं. फ्राऊ लिंडनरनी उलटं ओवाळलं, कोणी त्यांना टोकलं नाही. वॉकरवालीकडे ऋजुतानं ईराला चौरंगासकट उचलून नेलं. बोरं इथे मिळत नाहीत, म्हणून क्रॅनबेरी, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या आणि चॉकलेटं. ती ईराच्या डोक्यावरून ओतल्याबरोबर मुलं तुटून पडली. वॉकरवाल्या आजींनीही वाकून वाकून चॉकलेटं गोळा केली आणि वॉकरच्या टोपलीत भरली.

मग मी हळदीकुंकवाची कोयरी उचलली. आधी पहिलं टेबल. एकेकीनं चष्मा काढून कपाळ पुढे केलं. मग मी आमच्या बायकांसमोर जाऊन उभी राहिले. वृंदा कॉफीच्या मशीनपाशी हाताची घडी घालून उभी होती, आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. विधवेच्या हातचं कुंकू. एकही पाऊल पुढे येईना. माझा हात अवघडला, पण मी तो खाली घेतला नाही.

ऋजुता आली. "नीट ठसठशीत लावा, आई. फोटोत दिसलं पाहिजे."

तिच्या मागून अकोल्याची एक मुलगी आली. तिनं विचारलं, "काकू, आईला व्हिडिओ कॉल लावू? बाबा गेल्यापासून ती संक्रांतीला घराबाहेर पडत नाही." फोनमध्ये एक बाई दिसली, पांढऱ्या केसांची, भांबावलेली. कुंकू काही फोनमधून लावता येत नाही. मी तिच्या मुलीला लावलं, आईला बघू दिलं. ती बाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. मग रांग लागली. निम्म्याहून जास्त आल्या. बाकीच्यांनी कोट चढवले. त्यांच्यावर माझा राग नाही असं लिहिणार होते, पण आहे.

परतीच्या गाडीत निखिल माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "सगळा व्हिडिओ काढलाय, आई."

"मग मंडळाच्या ग्रुपवर टाक."

त्यानं बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टाकला.

सोमवार

सकाळी ग्रुपवर वृंदाचा निरोप आला. शनिवारी झालेल्या गैरसोयीबद्दल मंडळ दिलगीर आहे, पुढच्या वर्षी दुसरा हॉल बघू. खाली नमस्काराचे हात जोडलेले.

ऋजुता ईराला मांडीवर घेऊन तिला ब्रेडचे तुकडे भरवत होती. तिनं निरोप वाचला, बोटं पुसली, कोणाला तरी फोन करून पाच मिनिटं जर्मनमध्ये बोलली. मग एका हातानं बराच वेळ काहीतरी लिहीत बसली. पाठवून झाल्यावर फोन माझ्यापुढे सरकवला. तिनं लिहिलं होतं:

"पुढच्या संक्रांतीसाठी तोच हॉल मी आत्ताच घेतला आहे. मीटफरट्राग शेवटच्या कलमापर्यंत वाचून सही करणार आहे. ज्यांच्या आया, सासवा, मावश्या भारतात एकट्या आहेत, त्यांनी त्यांच्या व्हिसाचं आतापासून बघावं. पहिल्या टेबलाला आणखी खुर्च्या लागतील, असं फ्राऊ लिंडनरना कळवलं आहे."